निवडक गाणी

निवडक गाण्यांची तबकडी म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असे रसिक म्हणतात. म्हणोत बापडे! स्लेड या इंग्लिश वाद्यवृंदाची १९७३ सालची ‘स्लेडेस्ट’ मला प्रिय आहे. चमचमत्या पोशाखांच्या ‘ग्लॅम रॉक’चा तो बहर, गाण्यांच्या नावांतले शुद्धलेखनही मुद्दाम बिघडवलेले! (आमच्या पंतोजींनी छडीच उगारली असती.) त्याच जुलैत मोटारीच्या अपघातात ड्रमवादक डॉन पॉवेलची प्रेयसी गेली, तो वाचला, पण स्मरणशक्ती अधू झाली. सप्टेंबरात तबकडी निघाली आणि विलायतेत विक्रीत पहिली आली. घरोघरची पोरे जी गाणी तोंडपाठ म्हणत, ती त्यांचा ठेका धरणाऱ्याला मात्र सोबत्यांना विचारावी लागत. ही तबकडी लावली, की माझे कान गाणाऱ्याकडे नसतातच. ते त्या ठेक्याकडे असतात.