पान उघडंना, आणि फोनमध्ये साल 2019



आज पिकावर नाही, फोनवर लिहितोय. पण गोष्ट वावरातलीच आहे.

2024 चा पोळा आठवत असेल, 2 सप्टेंबरचा. आदल्या दिवसापासून आपल्या मराठवाड्यात पाऊस कोसळत होता. रात्रीतून ओढ्याचं पाणी आमच्या सोयाबीनमध्ये शिरलं. शेंगा भरायची वेळ आणि दीड एकर पाण्याखाली. पोळा कसला, बैलांना गोठ्यातच ओवाळलं.

विमा भरलेला होता. तेव्हाच्या नियमाने नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवायचं होतं. म्हणजे 4 तारखेच्या रात्रीपर्यंत. पण लाईट गेलेली, फोन दीड दिवस बंद. 3 तारखेला दुपारून लाईट आली. फोन चार्ज केला, वावरात गेलो, तारीख-ठिकाण उमटणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि बांधावरच नोंद करायला बसलो.

पान उघडंना. लाल खूण यायची, खाली इंग्रजीत दोन-तीन ओळी. मी दहावी पास, अक्षर ओळखतो, पण घाईत वाचलं नाही. म्हटलं रेंज नसेल. विमान मोड लावून काढला. फोन बंद करून चालू केला. मग कुणी सांगितलं कॅशे साफ करा, ते केलं. ब्राउझरचं अपडेट घ्यायला गेलो तर तेही होईना. हेल्पलाईनला फोन लागंना. व्हॉट्सॲप तारखेचं काहीतरी सांगत होतं, म्हटलं ते नंतर बघू. रात्री तर फोन पूर्ण रिसेट मारायच्या बेतात होतो. आणखी एक सांगतो, त्या लाल पानावर खाली "तरीही पुढे जा" अशी वाट शोधत होतो. त्यावर आधार आणि बँकेचा नंबर भरणार होतो!

4 तारखेला सकाळी पुतणी आली. कृषी पदविकेला आहे. फोन हातात घेतला आणि विचारलं,

"तात्या, आज तारीख काय?"

"चार."

"साल?"

"अगं, चोवीस. असं काय विचारतीस?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर 2 जानेवारी 2019. बॅटरी जुनी, पूर्ण उतरली तेव्हा फोनचं घड्याळ मागे गेलं होतं. तारीख आपोआप लागायचं बटण माझ्या नातवाने गेमसाठी कधीतरी बंद करून ठेवलेलं. रोज त्या स्क्रीनकडे पन्नासदा बघतो, पण तारीख कोण वाचतं? त्या लाल पानावरच्या इंग्रजीतही हेच लिहिलं होतं, की तुमचं घड्याळ मागे आहे.

पण तारखेने पान का अडावं? तिने समजावलं ते असं. बियाण्याच्या पिशवीवर चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख असते ना, तसं प्रत्येक सुरक्षित पानाला एक प्रमाणपत्र असतं. त्याच्यावर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. फोन ते आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. फोनच्या लेखी साल 2019 आणि प्रमाणपत्र 2024 चं. फोन म्हणतो, हे अजून सुरूच झालेलं नाही, बोगस दिसतंय, उघडू नका. म्हणजे फोन त्याचं काम बरोबरच करत होता.

सेटिंगमध्ये जाऊन "डेट अँड टाइम" मधलं ऑटोमॅटिक बटण चालू केलं. पान उघडलं.

पण मंडळी, खरा घोर पुढेच होता. आदल्या दिवशी काढलेल्या सगळ्या फोटोंवर 1 जानेवारी 2019 उमटलेलं. पान आदल्या दिवशीच उघडलं असतं तर तेच फोटो गेले असते, आणि पुढे कुणाला काय सांगणार होतो? तसाच चिखल तुडवत पुन्हा वावरात गेलो, फोटो काढले आणि दुपारी नोंद केली. नोंदणीचा नंबर वहीत लिहून ठेवला.

तेव्हापासून पान उघडलं नाही तर मी या क्रमाने बघतो.

आधी दुसरं कुठलंही पान उघडून बघायचं. एकही उघडत नसेल तर रेंज, दिवसाचा डेटा संपला का, हे बघा. विमान मोड दहा सेकंद लावून काढा.

तेच पान शेजाऱ्याच्या फोनवर उघडतंय का बघा. तिथेही उघडत नसेल तर दोष आपला नाही. शेवटच्या तारखेला गर्दी असते, पहाटे प्रयत्न करा.

शेजाऱ्याकडे उघडतंय आणि आपल्याकडे नाही, तर आधी तारीख, वेळ आणि साल बघा. मग इन्कॉग्निटो टॅबमध्ये उघडून बघा. तिथे उघडलं तर जुना साठलेला कचरा आड येतोय, कॅशे साफ करा. साफ करताना फक्त चित्रं आणि फाइल्सच्या कॅशेवर टिक ठेवा. कुकीजवर टिक केली तर लॉगिन जातं. पासवर्डच्या टिकला हात लावू नका.

ब्राउझरचं अपडेट राहिलं असेल तर घ्या. फार जुन्या अँड्रॉइडवर नवं अपडेट येतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि लाल खूण आली तर पुढे जायचं नाही. आधी काय लिहिलंय ते वाचायचं. इंग्रजी असेल तर घरातल्या लेकराकडून वाचून घ्यायचं.

आपण दुसऱ्याला सांगतो, पानावर डाग दिसला की लगेच पंप उचलू नको, आधी रोग आहे का कीड आहे का अन्नद्रव्य कमी पडलंय ते बघ. आणि मी फोनवर एका संध्याकाळी चार फवारण्या मारल्या, तेही पान न बघता.

आता लाईट जाऊन आली की मी आधी फोनची तारीख बघतो, मगच फोटो काढायला वावरात जातो. तुम्हीही बघत जा. वेळेवर कामाला येईल.