मालकच विकतोय?

"मालकच शेअर विकतोय, मग आपण का ठेवायचे?" भाचे-पुतणे हमखास विचारतात. मंडळी, आमच्या निफाडात कुणी द्राक्षबागेचा तुकडा विकला की लोक आधी कारण शोधतात : लग्न, की कर्ज? इथेही तेच करावं. नाशिकच्या सुला विनयार्ड्सचा डिसेंबर २०२२ मधला आयपीओ संपूर्ण 'ऑफर फॉर सेल' होता. पैसा कंपनीत न जाता विकणाऱ्यांकडे गेला. त्यात गैर काही नाही. जुन्या गुंतवणूकदाराला कधीतरी बाहेर पडायचंच असतं. पण प्रवर्तक, संचालक, वित्तप्रमुख एकदमच विकू लागले तर सावध व्हावं. सेबीच्या २०१५ च्या नियमांमुळे तिमाहीतले १० लाखांवरचे असे व्यवहार शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. किती विकले यापेक्षा किती राखले ते बघा. तुकडा विकणारा गावातच राहतो. सातबारा कोरा करणारा निघालेला असतो. पेन्शनीचा पैसा लावण्याआधी एवढं पाहाच.