दाभोळच्या धक्क्यावर

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याहून कोकणात जायचे ठरले, तेव्हा सगळा बेत मी कागदावर मांडला होता. बी.एड.ला पाठ-टाचण काढायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. पहिला मुक्काम दापोली. दुसऱ्या दिवशी लाडघर, बुरोंडी करत, समुद्र उजव्या हाताला ठेवून दाभोळ. तिथून गाडी फेरीबोटीत घालून धोपावे, मग गुहागर, तवसाळला पुन्हा फेरी, पलीकडे जयगड आणि संध्याकाळी गणपतीपुळे.

दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो आणि अवेळी पाऊस-वारा सुरू झाला. वारा पडेपर्यंत फेरी बंद. चिपळूणवरून जायचे तर मोठा वळसा. मी चिडले. बाहत्तर वर्षांची अम्मी मात्र शांतपणे म्हणाली, "जोहर का वक्त हुआ है."

धक्क्याजवळच दाभोळची जुनी मशीद आहे. मोठा घुमट, चार मिनार. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. माझे मिस्टर आणि मुलगा आत गेले. अम्मीने गाडीतच बसून नमाज पढली. पाऊस थांबल्यावर आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी मशिदीची गोष्ट सांगितली.

विजापूरची शहजादी आयेशा बीबी हजला निघाली आणि जहाजासाठी दाभोळला आली. त्या काळी हे मोठे बंदर. रशियन व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात हिंदुस्थानातून परत निघाला, तोही इथूनच. पण शहजादीच्या वेळी समुद्रावर लुटारूंची धास्ती होती. तिला पुढे जाता येईना. मग काजी-मौलवींच्या सल्ल्याने तिने हजसाठी आणलेला पैसा या मशिदीला लावला. साल सांगतात १६५९-६०, म्हणजे प्रतापगडाचाच काळ. गोष्ट तोंडोतोंडी चालत आलेली आहे. पण हज ऐपत असलेल्यावरच फर्ज आहे आणि त्या ऐपतीत वाटेची सुरक्षितताही धरतात, हे खरे.

अम्मी बराच वेळ खाडीकडे बघत होती. मग म्हणाली, "मैंने बी वैसाच किया था."

"म्हणजे?"

"तेरे बी.एड. के पैसे. वो हज के थे. तेरे अब्बा ने जमा किये थे."

मला काही सुचेना. अब्बा गेल्यावर दोन वर्षांनी माझी फी भरली होती. ते पैसे भिशीचे आहेत, असे तिनेच सांगितले होते. त्या पदवीवर मला नोकरी लागली, घर झाले, गाडी झाली. त्याच गाडीतून मी तिला समुद्र दाखवायला आणले होते आणि फेरी चुकली म्हणून तासभर कुरकुर करत होते.

"सांगितलं का नाहीस?"

"बोलती तो तू पढती क्या?"

खरे होते. मी शिकले नसते.

साडेचारला वारा पडला आणि फेरी सुरू झाली. गणपतीपुळे राहिले, गुहागरलाच मुक्काम केला. रात्री मी कागद पुन्हा काढला. पुढचे सगळे खोडले आणि खाली एकच ओळ लिहिली : घरी गेल्यावर आधी अम्मीचा पासपोर्ट.

अम्मीने तो कागद वाचला. म्हणाली, "गुडघे दुखते मेरे. जल्दी कर."