उल्हासनगरचा दाल-पकवान

बदलापूरहून उल्हासनगर दुसरंच स्टेशन. कापडखरेदीला आपण कितीदा जातो, पण खायचं म्हटलं की ‘घरी जाऊनच जेवू’ म्हणून पोट मारतो! परवा सकाळची शाळा सुटल्यावर गेले. भुकेनं डोकं दुखायला लागलं, तशी एकटीच एका साध्या सिंधी दुकानात बाकावर बसले. संकोच वाटलाच. समोर मऊ हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी, कांदा, आणि जिरं घातलेला मैद्याचा कुरकुरीत पकवान. लाटल्यावर टोचे मारून मंद आचेवर तळतात, म्हणून फुगत नाही. गल्ल्यावरच्या आजी म्हणाल्या, फाळणीनंतर त्यांची सासू इथल्या लष्करी बराकीत आली, तेव्हा हेच करून विकायची. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. मी आणखी एक पकवान मागून घेतला. आमच्या सासूबाईंना मात्र अजून सांगितलेलं नाही!