घर आत्याचं, डबा आमचा

पाटणकर बाजारात आम्ही आत्याच्या घरी, माडीवर राहतो. भाडं नाही, करार नाही. विजेचं बिल आत्याच्या नावावर, गॅस आमच्या नावावर आणि गणपती सगळ्यांचा. लष्करातल्या जुन्या मराठी घरांना यात नवल वाटणार नाही. कुणाचा भाचा झाशीहून शिकायला येऊन राहतो, कुणी बदलीमुळे काकांकडे बिऱ्हाड थाटतं. घर एकाचं असतं आणि कपाटं चौघांची.

आत्यानं घराचा विमा उतरवला तेव्हा आम्ही पॉलिसीचा कागद मागून घेतला आणि बसून वाचला. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, तीच ही. घराच्या बांधकामाचा विमा उतरवला की त्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतकं घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. वाचायला छान वाटतं. पण ज्याच्या नावाची पॉलिसी, त्याच्या घरचं ते सामान. माडीवरच्या भाच्याचा लॅपटॉप त्यात धरायचा की नाही, हा वाद नुकसान झाल्यावर घालण्यात अर्थ नाही. दागिने आणि चांदीची भांडी तर सर्वसाधारण सामानात येतच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं जादा संरक्षण घ्यावं लागतं. आणि चोरी? आग, भूकंप, पूर, दंगल अशा घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी मूळ पॉलिसीत आहे. एरवीच्या घरफोडीचा विमा निराळा.

घर आपलं नसलं तरी नुसत्या सामानाचा विमा आपल्या नावानं उतरवता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. भिंती आत्याच्या, त्यांच्याशी आपला संबंध नाही. चपलाहार आमचा, तो जळाला किंवा गेला तर तोटा आमचा, म्हणून विमाही आम्हीच उतरवायचा. दागिन्यांची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक नग १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. पण आजच्या सोन्याच्या भावात पाटल्यांची एक जोडीसुद्धा ही मर्यादा सहज ओलांडते. तेव्हा मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून वजन आणि शुद्धता लिहून घेणं आलंच. जुन्या दागिन्यांच्या पावत्या कोण जपतं? सराफ्यातले बरेच दागिने आजीच्या काळात विश्वासावर घडले.

इथवर सगळं कागदाचं काम. अवघड होतं ते आत्याला सांगणं.

“म्हणजे माझ्या घरात तुमचं काही जाईल असं वाटतं तुम्हाला?” ती म्हणाली. आतोबांनी पेपर वर केला तो खाली केलाच नाही. नात्यात विम्याचा विषय काढला की तो अविश्वासासारखा ऐकू येतो, हे आम्हाला मान्य आहे. पण घरफोडीच्या विम्यात बहुधा दोन अटी असतात: दार-कुलूप फोडल्याची खूण हवी, आणि घरातल्या माणसाचा किंवा नोकराचा हात असेल तर भरपाई नाही. म्हणजे कुलूप शाबूत आणि पाटली गायब, अशा वेळी विमा कंपनी बाजूला होते आणि घरात उरतात एकमेकांकडे बघणारी माणसं. ते टाळायचं तर कोणाचं काय आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे आधीच लिहिलेलं असावं, एवढंच आमचं म्हणणं. आमचा डबा आम्ही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला निघालो होतो. तिथेही, २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे, चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते.

आतोबांनी मग पेपराआडूनच गंगाजळी काढली. किल्ल्यावरच्या त्या खजिन्याचा ठाव फक्त जयाजीरावांना होता, असं इथे सांगतात. १८८६ साली ते गेले तेव्हा माधवराव नऊ वर्षांचे. “एवढ्या मोठ्या महाराजांनी यादी केली नाही,” आतोबा म्हणाले, “आणि तुम्ही चार पाटल्यांची करताय.” “म्हणूनच करू द्या,” आत्या म्हणाली, आणि उठून तिनं आपलं कपाट उघडलं.

त्यात काय निघावं! तिच्या नणंदेच्या बिलवरांची जोडी, मुंबईच्या वन्संनी वीस वर्षांपूर्वी ‘राहू दे तुझ्याकडे’ म्हणून दिलेली. पुण्याच्या आतेभावाच्या मुंजीतली भिकबाळी. शेजारच्या काकूंची मोहनमाळ, आणि त्या काकू तर आता इंदूरला असतात. आत्याच्या नावावर विमा, आणि कपाटात निम्मी दुसऱ्यांची ठेव! त्या ठेवीचं पॉलिसीत चकार शब्दानं नाव नव्हतं. दोन संध्याकाळी बसून आम्ही वही भरली: वस्तू, वजन, मालक, फोटो. मुंबईला आणि इंदूरला फोन झाले. बिलवर दिवाळीत वन्संकडे जायचे ठरले. आमच्या नावाची पॉलिसी त्याच महिन्यात झाली.

एक चांदीचं तबक मात्र राहिलं. आत्या म्हणते ते तिच्या सासूबाईंचं, आणि आमची आई म्हणते ते आमच्या आजीनं फक्त हळदीकुंकवापुरतं दिलेलं. वहीत त्याचा फोटो चिकटवला आहे, मालकाचा रकाना मोकळा आहे.