पंचविसावा गुरू

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत कपोत आहे, अजगर आहे, कोळी आणि मधमाशीही आहे. मांजर मात्र नाही. ही उणीव मला गेल्या दिवाळीच्या सुटीत महेश्वरी जाणवली.

इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर. माळव्याचे पठार सोडून घाट उतरला की निमाडची उष्ण हवा अंगाला भिडते, आणि धामनोद मागे पडताच नर्मदेची ओढ लागते. अहिल्याबाईंनी याच तीरावर राजधानी केली आणि १७९५ मध्ये येथेच देह ठेविला. किल्ल्यातील त्यांचा साधा वाडा पाहताना मन दरवेळी नम्र होते. खाली घाटाच्या रुंद पायऱ्या, गल्ल्यांतून हातमागांची खटखट.

या खेपेस मात्र मी यात्रेकरू नव्हतो. किल्ल्याजवळच्या गल्लीत माझी आत्या जुन्या घरात एकटी राहते. वय ८१. पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली होती. तिला इंदुरास न्यायचेच, असा निश्चय करून मी आलो होतो. तिला न विचारताच मी माळ्यावरची ट्रंकही खाली काढली.

दुपारी ओसरीवर बसलो असता तिची मांजरी पिले हलविताना दिसली. मांजरी पिलांना सात घरे फिरविते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी ते प्रथमच निरखून पाहिले. ज्या दातांनी ती उंदराचा प्राण घेते, त्याच दातांत पिलू पाय आखडून निश्चिंत लोंबत होते. मानेवर ओरखडाही नाही. तीन पिले, तीन खेपा.

मला लागलीच दृष्टांत सुचला. श्रीवैष्णव आचार्यांनी भक्तीचे दोन न्याय सांगितले आहेत. माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, तो मर्कटकिशोरन्याय. मांजरीच्या पिलाला आईच उचलते, तो मार्जारकिशोरन्याय. मी म्हणालो, "आत्या, आता तूही आमच्यावर असाच भार टाक."

आत्या वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, पिलू आहे तोवर ते ठीक. आता त्या मांजरीलाच मानेला धरून उचलून बघ बरे!"

मी हसलो खरा, पण निरुत्तर झालो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून कितीजणांना मी त्यांच्याच हिताच्या नावाखाली मानेला धरून उचलले असेल! ज्याला आपण उचलतो ते पिलू आहे की नाही, हे मी कधी पाहिले होते?

तिन्हीसांजेला मांजरी येऊन आत्यापासून हातभर अंतरावर बसली. आत्याने तिला बोलाविले नाही. थोड्या वेळाने ती आपण होऊन मांडीवर आली, घटकाभर घुरघुरली आणि उठून पिलांकडे गेली. आत्याने तिला अडविलेही नाही. दोघींच्या त्या मायेत आर्जव नव्हते आणि रुसवाही नव्हता.

रात्री मी ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेविली. निघण्यापूर्वी अंगणाच्या पायऱ्यांना कठडा बसवून घेतला, शेजारच्या मुलीला रात्री सोबतीस येण्याची विनंती केली. आता महिन्यातून एकदा मी महेश्वरी जातो.

परवा निघताना आत्या म्हणाली, "माघात आठ दिवस येईन म्हणते इंदुरास."

मी फक्त "ये" म्हणालो.