हॅपीकडे कोण बघतं?

लोकांना आपण आवडलो की पैसा आपोआप येतो, ही विली लोमनची श्रद्धा. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधला हा ६३ वर्षांचा फिरता विक्रेता १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरात पहिल्यांदा उभा राहिला, ली जे. कॉबच्या रूपात.

चर्चा होते ती त्याची आणि थोरल्या मुलाची, बिफची. बिफ गणितात नापास होतो, बॉस्टनच्या हॉटेलात बापाबरोबर परकी बाई पाहतो आणि कोलमडतो.

घरखर्चाचा हिशेब मात्र विलीच्या बायकोकडे, लिंडाकडे: फ्रिजची दुरुस्ती, विमा, घराचं २५ वर्षांचं कर्ज. त्याचा शेवटचा हप्ता ती विलीच्या अंत्यविधीच्या दिवशी भरते. एरवी ती फाटके मोजे शिवत बसते. नवे मोजे विलीने त्या बाईला दिलेले असतात. याहून क्रूर तपशील मिलरलाही क्वचितच सुचला असेल.

आणि धाकटा हॅपी? लहानपणी तो बापाला सारखा सांगायचा, माझं वजन घटलंय. ऐकतो कोण! मोठेपणी तो त्याची परतफेडच करतो म्हणा ना. रेस्तराँमध्ये विलीचा तोल सुटतो, तेव्हा सोबतच्या मुलीला तो बिनदिक्कत सांगतो की हे आपले वडील नव्हेतच. गंमत अशी, की बिफ बापाचं ते यशाचं स्वप्न झुगारतो आणि बापाच्या कबरीपाशी उभं राहून ते पुरं करायची जिद्द धरतो हाच हॅपी.